बग्गीखान्यातील स्पंज ते सोसायटीतील बादली : मोटार धुण्याचा इतिहास

#थ्रेड

१/
रविवारी सकाळी धुऊन उन्हात उभी केलेली काळी मोटार कधी जवळून पाहिली आहे? बॉनेटवर सूर्याचे प्रतिबिंब जिथे पडते, त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे दिसतात. मालक म्हणतो, हल्लीचा रंगच कच्चा. शेजारी म्हणतात, गाडी पुसणाऱ्याचा हात जड. आज या चऱ्यांचा इतिहास पाहू. विषय घरगुती वाटेल. पण त्यात झांझिबारची राळ आहे, पहिल्या महायुद्धातील बंदुकीची दारू आहे आणि आपली मुंबईही आहे.

२/
आधी थोडे पदार्थविज्ञान. ती वर्तुळे खरी नसतात. रंगावर सर्व दिशांनी असंख्य बारीक चरे असतात. प्रकाशाला जे आडवे पडतात तेवढेच चमकतात, आणि त्या चमकणाऱ्या तुकड्यांतून प्रतिबिंबाभोवती वर्तुळ असल्याचा भास होतो. डोके हलवा, जाळेही सरकेल. म्हणजे ‘गोल गोल पुसले म्हणून गोल चरे पडले’ हे निदान अर्धेच खरे. सरळ रेषेत पुसले तर चरे काही ठराविक कोनांतूनच दिसतात, इतकाच फरक.

३/
चरे पाडतो कोण? पाणी नव्हे, आणि बहुधा कापडही नव्हे. फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी उतरंड मांडली. काय कशावर ओरखडा काढते, एवढीच तिची कसोटी. तीत स्फटिक, म्हणजे क्वार्ट्झ, ७ वर आहे. आपला दख्खनचा काळा पाषाण क्वार्ट्झने समृद्ध नाही. पण त्यातील फेल्डस्पारही ६ च्या आसपास भरतो. चाकूचे पाते साधारण साडेपाच. मोटारीवरचा रंग या सर्वांहून पुष्कळ मऊ. तेव्हा बोटाने धुळीत नाव लिहिणारा मुलगा वस्तुतः खनिजशास्त्राचा प्रयोग करत असतो!

४/
म्हणून न चरता मोटार धुणे याचा अर्थ एवढाच : कोणतीही वस्तू रंगावर घासली जाण्यापूर्वी त्यावरचा कण तिथून हलवणे, आणि एकदा उचललेला कण पुन्हा रंगावर न आणणे. हे ज्यांनी प्रथम पद्धतशीरपणे ओळखले, त्यांनी मोटार पाहिलेलीही नव्हती.

५/
एकोणिसाव्या शतकातील लंडन किंवा पॅरिसच्या श्रीमंताची बग्गी डोळ्यांसमोर आणा. लाकडी सांगाड्यावर आधी अस्तर, मग भरणीचे अनेक हात. प्रत्येक हात वाळला की तो प्यूमिस दगड आणि पाण्याने घासून सपाट करायचा. त्यावर रंगाचे हात, आणि सर्वांत वर पारदर्शक रोगणाचे हात, एकावर एक. प्रत्येक थर वाळण्याची वाट पाहायची. एका गाडीचे रंगकाम आठवडेच्या आठवडे चाले. शेवटचा हात देण्याची खोली निराळी असे. तिथल्या जमिनीवर आधी पाणी शिंपडत, म्हणजे धूळ उडू नये.

६/
हे रोगण बने जवसाच्या तेलात कठीण राळ शिजवून. राळांमध्ये मान होता कोपलला, ज्याला आपल्याकडे चंद्रूस म्हणत. उत्तम चंद्रूस पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जमिनीतून खणून निघे आणि झांझिबारच्या बाजारात येई. गंमत अशी की, त्यातील बराच माल आधी मुंबईस उतरे आणि तिथून युरोपला जाई. म्हणून युरोपच्या व्यापारात तो ‘मुंबईचा’ म्हणूनही ओळखला गेला. लंडनच्या उमरावाच्या बग्गीवरची चकाकी अशी आपल्या बंदरावरून गेलेली होती.

७/
पण तेलाचे रोगण नाजूक. त्यावर धुळीचा कण घासला की रेघ, आणि रेघ पडली की तो थर घासून काढून नवा हात देण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणजे पुन्हा रंगाऱ्याचे घर, पुन्हा कित्येक दिवस. या खर्चाच्या धाकातून बग्गी धुण्याचे शास्त्र जन्मले. बग्गीची निगा कशी राखावी, हे सांगणाऱ्या त्या काळच्या पुस्तिका वाचताना मला आजच्या मोटारशौकिनाचे बोलणे ऐकल्याचा भास होतो.

८/
चिखल वाळू द्यायचा नाही. गाडी फेरीहून परतली की लगेच धुवायची. वाळलाच, तर खरवडायचा नाही. भरपूर पाणी सोडून तो आपोआप सुटू द्यायचा. काम सावलीत करायचे. स्पंजाने घासायचे नाही. पाण्याने तुडुंब भरलेला स्पंज वरच्या बाजूस धरून पाणी खाली वाहू द्यायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे : गाडीच्या अंगाचा स्पंज निराळा, चाकांचा निराळा. पुसण्याचे चामडेही दोन. चाकांचा स्पंज चुकूनही अंगाला लावायचा नाही.

९/
हा शेवटचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. जंतूंची कल्पना सर्वमान्य होण्याआधीच्या जगात ‘ही वस्तू तिकडे लावायची नाही’ असा दंडक केवळ हाताच्या अनुभवावरून बसला होता. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्याचे फडके आणि ओट्याचे फडके वेगळे असते, अगदी तसा.

१०/
आणखी दोन निषेध होते : साबण नको, आणि बग्गी घोड्यांच्या पागेत ठेवणे नको. साबण अल्कधर्मी असतो, आणि तेलाच्या रोगणावर अल्क लागले की त्या तेलाचाच साबण होऊ लागतो, रोगण मरते. पागेतील मूत्रातून निघणारा अमोनियाही तेच करतो. म्हणून पागा आणि बग्गीखाना यांमध्ये भिंत हवी, असा आग्रह असे. आजचा मोटारशौकीन भांड्यांच्या साबणाने गाडी धुऊ नका म्हणतो. त्याचे कारण निराळे, तो साबण मेणाचा थर काढून टाकतो. पण निषेध जुनाच.

११/
हे सर्व करी कोण? मालक नव्हे. कोचमन आणि मोतद्दार. घोड्याला खरारा करून झाला की गाडी. हिवाळ्यातही थंड पाण्यात हात. पुस्तिका मालकाला उद्देशून लिहिलेल्या आणि काम नोकराचे, त्यामुळे त्यांच्या सुरात एक कायमचा संशय आहे : नोकर आळशी असतो, दोनऐवजी एकच स्पंज वापरतो, त्याच्यावर लक्ष ठेवा. हा संशय पुढेही लक्षात ठेवा. तो रंगाहून चिवट निघाला.

१२/
मोटार आली ती बग्गीचेच कपडे घालून. सुरुवातीच्या मोटारींचे सांगाडे बग्गी बांधणारे कारागीरच बांधत, रंगही तोच, रोगणही तेच. मुंबईत मोटार १८९८ मध्ये अवतरली असे सांगतात, आणि पहिल्या मालकांत जमशेटजी टाटांचे नाव घेतले जाते. कोचमनच्या जागी शोफर आला. बादली, स्पंज, चामडे जागच्या जागी राहिले.

१३/
अडचण झाली ती कारखान्याची. हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये आली. काही वर्षांत साखळी पद्धतीने मोटारी भराभर तयार होऊ लागल्या, पण रोगण वाळायला आठवडे लागत. तयार गाड्या ठेवायच्या कुठे? १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी केवळ काळ्या रंगात मिळे, हे अनेकांना ठाऊक असते. तो काळा म्हणजे डांबराच्या जातीच्या द्रव्यापासून केलेले, भट्टीत भाजता येणारे टिकाऊ आणि स्वस्त रोगण. रंगीत गाडी हवी असणाऱ्याने थांबावे, किंवा दुसरीकडे जावे.

१४/
कोंडी फोडली दारूगोळ्याच्या कारखान्याने. १८०२ मध्ये स्थापन झालेली ड्यूपाँ ही अमेरिकन कंपनी बंदुकीची दारू करी. पहिल्या महायुद्धात तिने नायट्रोसेल्युलोज, म्हणजे कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून होणारे स्फोटक द्रव्य, प्रचंड प्रमाणावर बनवले. युद्ध संपल्यावर त्याचे करायचे काय? १९२३ मध्ये त्याचाच एक नवा रंग बाजारात आला : ‘ड्यूको’. जनरल मोटर्सने तो आधी ओकलंड नावाच्या गाडीवर, निळ्या छटेत वापरला. आठवड्यांचे काम तासांवर आले. रंगीत मोटार सामान्य माणसाच्या आवाक्यात आली ती तेव्हा.

१५/
(एक अवांतर : दादासाहेब फाळक्यांचा १९१३ मध्ये प्रदर्शित झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या फिल्मवर चित्रित झाला, ती फिल्मही नायट्रोसेल्युलोजचीच. दारूगोळा, सिनेमा आणि मोटारीचा रंग ही एकाच रसायनाची तीन भावंडे. आणि आजही घरच्या कपाटाला चकचकीत रंग द्यायचा असेल, तर आपला सुतार विचारतो, ‘ड्यूको करायचा का?’ १९२३ सालचे ते व्यापारी नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले आहे.)

१६/
ड्यूकोने चऱ्यांचा अर्थ बदलला. हा रंग फवारल्यावर तसा मंदच दिसे. तो घासून, पॉलिश करून चमकवावा लागे. उन्हापावसाने तो पिठूळ झाला की पुन्हा घासायचा, खालचा ताजा रंग वर येई. ओरखडा आता घासून घालवता येऊ लागला. सोय मोठी, पण प्रत्येक घासणीत थर पातळ होई. ज्यांच्या घरी जुनी फियाट होती त्यांना आठवत असेल : पॉलिश करताना फडक्याला गाडीचाच रंग लागे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या कित्येक पद्मिनींचे कोपरे असे पुसून पुसूनच उघडे पडले.

१७/
पुढचे टप्पे भरभर घेऊ. १९३० च्या दशकात अल्किड इनॅमल, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अॅक्रिलिक, आणि १९८० च्या दशकात सर्वत्र पसरली ती आजची रीत : खाली रंगाचा पातळ थर, वर पारदर्शक लेप, ज्याला गॅरेजवाले क्लिअर कोट म्हणतात. जरा थांबून पाहा, ही तर बग्गीचीच रचना! रंग खाली, पारदर्शक रोगण वर. शंभर वर्षांनी आपण मूळ जागी आलो. हा लेप सुमारे ४० ते ५० मायक्रॉन जाड, म्हणजे बहुतेकांच्या केसाहूनही पातळ. रंग शाबूत असतो, चरे दिसतात ते या लेपाचे. फडक्याला आता रंग लागत नाही, म्हणून झीज कळतही नाही.

१८/
रंग बदलत असताना हातातली साधनेही बदलली. बग्गीखान्यातील स्पंज हा समुद्रातील खरा प्राणी. त्याची मोठी, वेडीवाकडी छिद्रे वाळूचा कण पोटात घेत, म्हणून पृष्ठभाग वाचे. १९३८-३९ च्या सुमारास कॅरिबियन समुद्रात स्पंजांवर रोगाची साथ आली, बहामाचा धंदा बसला. त्यानंतरच्या दशकांत कारखान्यातील कृत्रिम स्पंजाने बाजार व्यापला. तो स्वस्त, सपाट आणि बारीक छिद्रांचा. कण आत जात नाही. स्पंज आणि रंग यांच्यामध्ये सापडतो आणि पॉलिशपेपरसारखा फिरतो. सपाट स्पंजाऐवजी लांब केसांचा हातमोजा वापरा, हा आजचा सल्ला म्हणजे त्या हरवलेल्या छिद्रांची भरपाई होय.

१९/
चामड्याचीही तीच कथा. शॅमॉय हा आल्प्समधील शेळीसारखा प्राणी; पुढे त्याच्या नावाने मेंढीचे, माशाच्या तेलात कमावलेले चामडे विकले जाऊ लागले. आपल्या गॅरेजातील ‘शॅमी’ ती हीच. १९७० मध्ये जपानच्या तोरे कंपनीतील मियोशी ओकामोतो यांनी केसाहून कित्येक पट बारीक धागे काढण्याची पद्धत साधली. त्यांचे उद्दिष्ट नकली सुएड चामडे बनवण्याचे होते. पण अशा अतिसूक्ष्म धाग्यांचे कापड पाणी आणि धूळ विलक्षण शोषते, हे पुढे ध्यानात आले. मायक्रोफायबर आले ते असे. मात्र ते जमिनीवर पडले तर झटकून पुन्हा वापरू नये. त्याचा गुण म्हणजे कण पकडणे, आणि पकडलेला कण ते सोडत नाही.

२०/
यंत्रांनीही हात मारून पाहिला. डेट्रॉईटमध्ये १९१४ साली ‘ऑटोमोबाइल लाँड्री’ निघाली. तिथे यंत्र नव्हतेच, माणसेच गाडी ढकलत पुढे नेत आणि धूत. नंतर फिरते ब्रश आले. पण एका गाडीचा चिखल ब्रशात, तोच ब्रश दुसऱ्या गाडीवर. बग्गीखान्याचा पहिला दंडकच मोडला.

२१/
दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड-अमेरिकेत नोकर परवडेनासे झाले आणि रविवारी मालक स्वतः पाइप घेऊन अंगणात उतरला. ब्रिटनमध्ये तर १९४५ च्या पाणी कायद्यातच टंचाईच्या काळात पाइपने खासगी बाग शिंपण्यावर आणि खासगी मोटार धुण्यावर बंदी घालण्याची तरतूद होती. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाडी धुतल्यास ५,००० रुपये दंड जाहीर झाला. हिशेब साधा आहे : पाइपातून मिनिटाला १२ लिटर पाणी जाते असे धरले, तर पंधरा मिनिटांत १८० लिटर. दोन बादल्यांचे काम ३०-४० लिटरमध्ये होते.

२२/
मुंबई-पुण्यात मात्र मालक अंगणात उतरलाच नाही. इथे पहाटे गाड्या पुसणारा येतो. एक बादली, एक फडके, ओळीने उभ्या गाड्या. पाणी पुरवायचे म्हणून फडके नुसते ओलसर. रात्रभर बसलेली बांधकामाची धूळ, त्यावर ओलसर फडके. तिसऱ्या गाडीपर्यंत बादलीत गाळ आलेला असतो. मग चरे दिसले की मालक म्हणतो, हात जड. एकोणिसाव्या शतकातील पुस्तिकांचा तोच संशय, तोच सूर. फरक इतकाच की, मोतद्दाराला त्या काळी दोन स्पंज, दोन चामडी आणि हवे तितके पाणी दिलेले असे.

२३/
आता प्रत्यक्ष कृती, तिच्या वंशावळीसह. गाडी सावलीत, बॉनेट गार झाल्यावर. (बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात क्षार जास्त, उन्हात थेंब वाळले की पांढरे डाग बसतात.) आधी झारीने किंवा तांब्याने वरून खाली नुसते पाणी, हात न लावता, विशेषतः चाकांजवळचा चिखल भिजू द्यावा. मग एका बादलीत गाडीचा शांपू, दुसरीत निव्वळ पाणी. हातमोजा शांपूत बुडवायचा, एक पत्रा पुसायचा, दुसऱ्या बादलीत खळबळून कण सोडायचे, मगच पुन्हा शांपूत. छतापासून सुरुवात; दारांचा खालचा भाग शेवटी, कारण खडी तिथेच उडते. दाब हाताच्या वजनाइतकाच, हालचाल सरळ. शेवटी शांपू पाण्याने उतरवून मायक्रोफायबर पसरायचे आणि टिपायचे, रगडायचे नाही. चाकांचे फडके आणि बादली वेगळी, पण ते तर आता सांगायला नको.

२४/
आणि कोरडी धूळ झटकायला तो लाल दोऱ्यांचा झाडू? अगदी पातळ धूळ असेल तर चालतो, असे लोक म्हणतात. माझे मत विचाराल तर नको. दिवाळीच्या आधीच्या पुण्याच्या हवेत पातळ धूळ नसतेच.

२५/
हे सर्व वाचून झाल्यावर मी आमच्या सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या काकांना, जरा शहाणपणाच्या सुरातच, विचारले की दोन बादल्या का वापरत नाही. ते म्हणाले, ‘नळ मागच्या बाजूला एकच आहे बाळा, आणि साडेसहाला वॉचमन तो बंद करतो. दुसरी बादली भरू कधी?’ मी निरुत्तर. सेक्रेटरींशी बोलून नळ साडेसातपर्यंत उघडा ठेवायचे ठरले, बादली आम्ही दिली. बादलीचे काकांना फारसे कौतुक नाही. त्यांच्या मते ती उचलूनच कंबर जाते. पण फडकी त्यांनी आपणहून दोन केली आहेत : पांढरे अंगाचे, निळे चाकांचे. परवा मी निळे उचलून आरसा पुसायला गेलो, तर त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतले.